मॉर्फिन: भय आणि मात्रा

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या थोरल्या मामांचें अखेरचें दुखणें आम्हांस जवळून पाहावें लागलें. कर्करोग हाडांपर्यंत पोंचला होता. बरें होण्याची आशा उरलेली नाहीं हें डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें होतें, आणि घरीं नेतांना मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. दर चार तासांनीं एक. तें नांव ऐकतांच घरांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळास आठ्या पडल्या. 'मॉर्फिन म्हणजे अफूच कीं!' आमचें इंग्रजी शिक्षण आणि चार बुकांचें वाचन यांचा त्या वेळीं कांहींहि उपयोग झाला नाहीं. गोळ्यांची डबी आम्हींच ताब्यांत घेतली, आणि कण्हणें अगदीं असह्य होईपर्यंत गोळी द्यावयाची नाहीं असा दंडक घातला. दिवसाच्या सहा गोळ्यांवरून आम्ही दोनांवर आलों, याचें आम्हांस थोडें भूषणच वाटत होतें. मामा जुन्या वळणाचे. ते कधीं मागत नसत. आठवड्यानें पाहावयास आलेल्या परिचारिकेनें डबींतील गोळ्या मोजल्या व शांतपणें विचारलें, "सर, कागदावर दर चार तासांनीं असें लिहिलें आहे, दुखणें असह्य झाल्यावर असें कोठें लिहिलें आहे?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

आम्ही वैद्य नव्हों. आयुष्य इतिहास शिकविण्यांत गेलें. तेव्हां ज्या भीतीनें आमचा हात आखडला ती भीति आली कोठून, हें पुढें आम्हीं आमच्याच शास्त्राच्या वाटेनें शोधून पाहिलें. शोधाअंतीं आमचें मत असें झालें कीं, ती भीति निराधार नव्हती; परंतु ती चुकीच्या ठिकाणीं येऊन बसली होती. अफू आणि तिच्यापासून झालेलीं औषधें यांच्या इतिहासांत मनुष्यजातीनें दोन चुका आळीपाळीनें केलेल्या दिसतात. कधीं 'आतां धोका उरला नाहीं' असें मानून औषधाची खैरात केली, तर कधीं त्या खैरातीच्या परिणामांनीं घाबरून वेदनेनें तळमळणाऱ्यासहि तें नाकारलें. दोन्ही चुकांचें मूळ एकच: लक्ष सारें पदार्थाकडे, आणि अंथरुणावरील माणसाकडे पाठ.

अफूचें औषधी ज्ञान फार जुनें आहे. ग्रीकांनीं खसखशीच्या बोंडाच्या चिकास 'ओपियन' म्हटलें, अरबांनीं त्याचें 'अफयून' केलें, आणि आमच्याकडे तोच शब्द अफू होऊन राहिला. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत तिचा पत्ता नाहीं. शार्ङ्गधरसंहितेंत मात्र 'अहिफेन' या नांवानें ती भेटते. महाराष्ट्रीय वाचकांस विशेष जवळचा दाखला म्हणजे गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या पदरीं त्यानें वैद्यकी केली, आणि हिंदुस्थानांतील औषधींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. त्यांत अफूवर एक संवाद आहे. निजामशहाचा एक खुरासानी चिटणीस रोज तीन तोळे अफू खात असे, असें त्यानें नमूद केलें आहे. हा गृहस्थ सदा पेंगत असे. पण बोलता केला असतां विद्वानास शोभेल असें बोले. तीन तोळे अफू म्हणजे नवख्या माणसाचा खात्रीनें प्राण घेईल एवढी मात्रा. अर्थात् या औषधाची सर्वांस सारखी अशी सुरक्षित मात्रा नाहीं; ज्याच्या शरीरास तें ठाऊक आहे आणि ज्याच्या शरीरास तें ठाऊक नाहीं, त्या दोघांमध्यें जीवन-मरणाचें अंतर पडतें. चारशेंहून अधिक वर्षांपूर्वीं दिसलेली ही गोष्ट आजहि रुग्णसेवेचा पहिला धडा आहे.

परंतु अफूंत आणखी एक अडचण होती, ती बेभरंवशाची. एका शेतांतील अफू तीव्र, दुसऱ्या शेतांतील सौम्य. व्यापाऱ्यानें भेसळ केली तर तिसराच प्रकार. कालच्याच मापानें दिलेली अफू आज निरुपयोगी ठरे, तर उद्यां रोगी जागा होत नसे. ही अडचण दूर करण्याचें श्रेय पाडरबॉर्न या जर्मन गांवच्या एका औषधालयांत काम करणाऱ्या, विशींतल्या फ्रीडरिश सेर्टुर्नरकडे जातें. १८०५ च्या सुमारास त्यानें अफूंतील गुणकारी द्रव्य स्फटिकरूपानें वेगळें काढलें, आणि पुढें ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून त्याचें नांव ठेविलें. १८१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यानें स्वतःवर व तीन तरुण मुलांवर केलेला प्रयोग सांगितला आहे. पाऊण तासाच्या आंत तीन वेळां अर्धा अर्धा ग्रेन घेतल्यावर चौघांचीहि अवस्था अशी कठीण झाली कीं, ओकारी करविण्यास कडक व्हिनेगर प्यावें लागलें. प्रयोग अविचाराचाच, पण त्याचें फळ मोठें होतें. आतां औषध तोलतां येऊं लागलें. १८२७ पासून डार्मश्टाटच्या मेर्क कारखान्यानें तें व्यापारी प्रमाणावर विकावयास आरंभ केला. मात्रा हा शब्द अफूच्या बाबतींत येथून पुढें खरा अर्थवान् झाला.

मात्रा हातीं आली, पण विवेक आला नाहीं. १८५३ सालीं एडिंबरोच्या अलेक्झांडर वुड या डॉक्टरानें पोकळ सुईच्या पिचकारीनें मज्जातंतूंच्या दुखण्यावर मॉर्फिन त्वचेखालीं टोचलें, व दोन वर्षांनीं आपला अनुभव प्रसिद्ध केला. जेथें टोचावें तेथेंच तें काम करतें अशी त्याची समजूत होती. लंडनच्या चार्ल्स हंटरनें दूरच्या जागीं टोचूनहि तसाच आराम पडतो हें दाखवून ती समजूत खोडली. औषध रक्तांतून सर्व शरीरांत जातें हें त्यावरून उघड झालें. तथापि दुसरी एक समजूत टिकून राहिली: अफूची चटक पोटांत राहते, सुईनें पोट टाळलें म्हणजे व्यसनहि टळलें! डॉक्टरांनीं पिचकाऱ्या रोग्यांच्या हातीं दिल्या. १८७० सालीं इंग्लंडांतील क्लिफर्ड ऑल्बट यांनीं धोक्याची सूचना दिली. ताप मोजण्याची आखूड, खिशांत मावणारी नळी ज्यांनीं प्रचारांत आणली तेच हे. एक वर्षापूर्वीं त्यांनीं स्वतःच हृद्रोग्यांच्या बाबतींत या सुईची भलावण केली होती. आतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, महिनेच्या महिने टोचून घेणाऱ्या रोग्यांचें मूळ दुखणें जागच्या जागींच आहे. उलट सुईमुळेंच सुईची गरज उत्पन्न होत असावी. आपल्याच उपायाकडे एका वर्षाच्या आंत संशयानें पाहण्याची ही वृत्ति आम्हांस त्या नळीच्या शोधाहून मोठी वाटते. १८७७ सालीं बर्लिनच्या एडुआर्ड लेव्हिनश्टाइन यांनीं मॉर्फिनच्या व्यसनावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

तरीहि मोह सुटला नाहीं. त्यानें केवळ नांव बदललें. १८७४ सालीं लंडनमध्यें ऑल्डर राइट यांनीं मॉर्फिनपासून बनविलेलें एक द्रव्य बायर या जर्मन कंपनीनें १८९८ सालीं 'हेरॉइन' म्हणून बाजारांत आणलें. खोकल्यावर तें रामबाण, आणि मॉर्फिनची सवय लागते तशी याची लागत नाहीं, अशी ग्वाही होती. पुढें काय झालें तें जगास ठाऊक आहे. १९१३ सालीं बायरनें त्याचें उत्पादन थांबविलें.

आतां लंबक दुसऱ्या टोंकास गेला. १९१४ सालीं अमेरिकेंत हॅरिसन कायदा झाला, आणि त्याचा अर्थ न्यायालयांनीं पुढें ज्या तऱ्हेनें लाविला त्यामुळें अनेक डॉक्टरांवर खटले झाले. कागदावर मॉर्फिन लिहितांना डॉक्टरांचा हात कापूं लागला. आमच्या देशांत या भीतीस आणखी एक पदर होता. येथें अफू ही परक्या सरकारच्या तिजोरीची आधारस्तंभ होती. गाझीपुरास गंगेकांठीं तिचा सरकारी कारखाना, आणि माळव्याची अफू मुंबईच्या बंदरांतून चीनकडे जाई; मुंबईच्या कित्येक श्रीमंत घराण्यांच्या वैभवाचा पाया त्याच व्यापारांत आहे. त्याच मुंबईंत गिरणीस जाणाऱ्या आया आपलीं तान्हीं मुलें दिवसभर झोपून राहावींत म्हणून त्यांस अफूची बाळागोळी देत. लुच्चा व्यापार, पेंगणारा अफूबाज आणि निपचित पडलेलें मूल, एवढेंच अफूचें चित्र ज्या समाजाच्या मनावर कोरलें गेलें, त्यानें मॉर्फिनचें नांव ऐकून दचकावें यांत नवल नाहीं.

या दोन टोंकांमधून वाट काढली ती एका बाईनें. सिसिली साँडर्स या आधीं परिचारिका, मग रुग्णांचीं घरगुती दुःखें निवारणाऱ्या समाजसेविका, आणि शेवटीं १९५७ सालीं डॉक्टर झाल्या. त्या काळीं मरणपंथास लागलेल्या रोग्यास मॉर्फिन मिळे तें कळवळून मागितल्यावर. म्हणजे प्रत्येक मात्रेपूर्वीं एकदां पूर्ण वेदना भोगावयाची, मग गुंगी येईपर्यंत टोचून घ्यावयाचें, आणि गुंगी उतरतांच पुन्हां घड्याळाकडे डोळे लावावयाचे. लंडनच्या सेंट ल्यूक्स या मुमूर्षु रुग्णांच्या रुग्णालयांत साँडर्सबाईंनीं निराळी रीत पाहिली. तेथें परिचारिका दर चार तासांनीं, वेदना परत येण्यापूर्वींच, तोंडावाटें औषध देत. हीच रीत त्यांनीं १९५८ पासून हॅक्नी येथील सेंट जोसेफ्स आश्रमांत चालविली आणि प्रत्येक रोग्याचें टिपण ठेविलें. त्यांस दिसलें तें असें: वेळेवर देत गेल्यास मात्रा वाटेल तशी वाढत नाहीं, रोगी गुंगींत न राहतां जागा राहतो, बोलतो, आणि ज्यास लोक 'औषधाची चटक' म्हणतात ती पुष्कळदां वेदनेपासून सुटण्याची धडपडच असते. १९६७ साली त्यांनीं सेंट क्रिस्टोफर्स हा आश्रम काढला, व तेथून ही पद्धति जगभर पसरली. मुंबईंत वांद्र्यास १९८६ सालीं निघालेलें 'शांति अवेदना' हें अशाच प्रकारचें आमच्याकडील पहिलें स्थान. त्याच वर्षीं जागतिक आरोग्य संघटनेनें कर्करोगाच्या वेदनेसंबंधीं नियम प्रसिद्ध केले. त्यांचें सार असें कीं, औषध शक्यतों तोंडावाटें द्यावें, घड्याळाप्रमाणें द्यावें, आणि सौम्य औषधापासून तीव्राकडे पायरीपायरीनें जावें.

याच सुमारास शास्त्रानेंहि या औषधाचें अंतरंग उकललें. १९७३ सालीं असें सिद्ध झालें कीं, मेंदूंत अफूजन्य द्रव्यें ज्यांस जाऊन चिकटतात अशीं ठराविक स्थानें आहेत. १९७५ सालीं ॲबर्डीनच्या ह्यूजेस व कोस्टरलिट्झ यांनीं शरीर स्वतःच तयार करीत असलेलीं तशींच द्रव्यें शोधून काढलीं. हीं स्थानें वेदनेच्या वाटेवर आहेत, म्हणून दुःख शमतें. श्वास चालविणाऱ्या मेंदूच्या भागांतहि आहेत, म्हणून मात्रा अधिक झाल्यास श्वास मंदावतो व मृत्यु येतो. आणि आंतड्यांतहि आहेत, म्हणून मलावरोध होतो. नालोक्सोन नांवाचें औषध तींच स्थानें बळकावून मॉर्फिनला हुसकून लावतें आणि थांबत चाललेला श्वास परत आणतें. पण त्याचा अंमल थोडा वेळ टिकतो, म्हणून तें दिल्यावरहि रोग्यास रुग्णालयांत नेऊन नजरेखालीं ठेवावें लागतें.

इतकें ज्ञान झाल्यावर तरी इतिहासानें सरळ चालावयाचें होतें. तो चालला नाहीं. १९८० सालीं अमेरिकेंतील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकांत पांच वाक्यांचें एक पत्र छापून आलें. रुग्णालयांत अशीं औषधें दिलेल्या ११,८८२ रोग्यांपैकीं व्यसन लागल्याचीं खात्रीलायक उदाहरणें अवघीं चार आढळलीं, एवढेंच त्यांत होतें. रुग्णालयाच्या भिंतींआड, देखरेखीखालीं, औषध मिळालेल्या रोग्यांची ही गोष्ट. ती पुढें घरीं महिनोन्महिने पाठदुखीसाठीं गोळ्या घेणाऱ्यांसहि लागू करण्यांत आली. सहाशेंहून अधिक लेखांत त्या पत्राचा हवाला दिला गेल्याचें २०१७ सालीं मोजून दाखविण्यांत आलें. इतिहासाच्या विद्यार्थ्यास यांत नवें कांहीं वाटूं नये. मूळ कागद न वाचतां त्याचा हवाला देणें हा आमच्याहि व्यवसायांतील जुना रोग आहे. १९९६ सालीं पर्ड्यू कंपनीनें 'ऑक्सिकाँटिन' ही सावकाश विरघळणारी गोळी बाजारांत आणली. तिची चटक कमी लागते, हा जुनाच दावा नव्या वेष्टनांत आला. परंतु गोळी चुरडली म्हणजे बारा तासांची मात्रा एकदम अंगांत भिनते. २००७ सालीं कंपनीनें न्यायालयांत खोट्या प्रचाराचा गुन्हा कबूल केला. तोंपर्यंत हजारों लोक गोळीवरून रस्त्यावरच्या हेरॉइनकडे, आणि पुढें त्याहून कितीतरी जहाल फेंटानिलकडे वळले. २०२१ या एका वर्षांत अमेरिकेंत अशा द्रव्यांच्या अतिमात्रेनें ऐंशी हजारांहून अधिक माणसें मेलीं.

आणि लागलीच लंबक पुन्हां उलटला. २०१६ सालीं तेथील सरकारी आरोग्य खात्यानें संयमाचे नियम काढले. त्यांचा अर्थ कांहीं ठिकाणीं इतका ताठरपणें लावला गेला कीं, वर्षानुवर्षें औषध घेणाऱ्या रोग्यांचें औषध एकाएकीं तोडण्यांत आलें. शरीर सरावलेलें असतां औषध असें तोडणें म्हणजे छळच. २०२२ सालीं ते नियम सुधारून लिहावे लागले.

आमच्या देशांत दुसरी चूक अधिक मोठ्या प्रमाणावर झाली. १९८५ सालीं मादक द्रव्यांविरुद्ध कडक कायदा झाला. हेतु चांगला, पण मॉर्फिन बाळगण्यास, आणण्यास, नेण्यास निरनिराळे परवाने, प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, आणि कित्येक अपराधांस दहा वर्षांची किमान शिक्षा. रुग्णालयांनीं व औषधविक्रेत्यांनीं मॉर्फिन ठेवणेंच सोडलें. बारा-तेरा वर्षांत देशांतील मॉर्फिनचा वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. मंदसोर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्यानें पिकणारी अफू परदेशांतील रोग्यांच्या औषधासाठीं जहाजांत चढत होती, आणि त्याच देशांतील रोगी वेदनेनें ओरडत मरत होते. १९९३ सालीं कालिकत येथें डॉ. राजगोपाल व त्यांचे सहकारी यांनीं वेदनाशमनाची संस्था काढली, आणि तोंडावाटें घ्यावयाचें मॉर्फिन रोग्यांस घरीं नेऊं दिलें. 'अफू घरोघर वांटली तर ती चोरवाटेनें बाजारांत जाईल' या आक्षेपास त्यांनीं हिशेबानेंच उत्तर दिलें. दोन वर्षांत घरीं औषध नेलेल्या १,७२३ रोग्यांच्या बाबतींत गैरवापराचें एकहि उदाहरण आढळलें नाहीं, असा त्यांचा निबंध २००१ सालीं प्रसिद्ध झाला. २०१४ सालीं संसदेनें कायदा दुरुस्त करून अत्यावश्यक औषधांसाठीं देशभर एकच नियम केला. परंतु कायदा बदलला म्हणजे मनें बदलतात असें नाहीं. आमच्या घरांतील डबी ही त्याचीच साक्ष होय.

मग सुरक्षितपणा कशांत आहे? या सर्व इतिहासावरून आम्हांस असें वाटतें कीं, तो गोळींत नाहीं आणि कुलपांतहि नाहीं. तो रोग्याभोंवतीं ठेविलेल्या नजरेंत आहे. सूज्ञ डॉक्टर लहान मात्रेनें आरंभ करतो व परिणाम पाहून वाढवितो. वृद्धांस आणि मूत्रपिंडें दुबळीं झालेल्यांस अधिक जपतो, कारण औषधाचे अवशेष त्यांच्या शरीरांत सांचून राहतात. औषधाबरोबरच तो सारक देतो, कारण मलावरोध ठरलेलाच. मद्य किंवा झोंपेच्या गोळ्या यांची जोड मिळाल्यास श्वासावरील संकट दुणावतें, हें तो आधींच विचारून घेतो. घरच्यांनीं ध्यानांत ठेवावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. वेळ चुकवूं नये. मात्रा स्वतःच्या मतानें वाढवूं अगर तोडूं नये. सावकाश विरघळणारी गोळी चुरडूं नये. एकाचें औषध दुसऱ्यास देऊं नये. डबी मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशी कुलपांत ठेवावी, आणि उरलेलें औषध परत करावें. रोगी हांक मारूनहि जागा होईनासा झाला, श्वास संथ व तुटक होऊं लागला, तर पुढील मात्रा न देतां तत्काळ डॉक्टरांस बोलवावें. आणि शरीराची सवय वेगळी व व्यसन वेगळें, हा भेद मनांत पक्का असावा. सरावलेलें शरीर औषध हळूहळू कमी करून सोडवितां येतें. व्यसनांत मनुष्य नुकसान दिसत असूनहि औषधामागें धांवतो. तें औषधोपचारांतहि कोणास जडूं शकतें, म्हणून दीर्घकाळच्या पण प्राणघातक नसलेल्या दुखण्यांत डॉक्टरनें दहादां विचार करावा. परंतु ज्याचे दिवस मोजलेले आहेत, त्यास व्यसनाच्या धाकानें तळमळत ठेवणें यास विवेक म्हणतां येत नाहीं.

त्या परिचारिकेनें आम्हांस एक वही घालून दिली. वेळ, मात्रा, वेदना किती, जागे कीं निजलेले, इतकेंच तींत लिहावयाचें. पहिला दीड दिवस मामा बराच वेळ झोंपले. तिनें श्वास मोजून दाखविले व सांगितलें, ही कित्येक रात्रींची राहिलेली झोंप आहे. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं वर्तमानपत्र मागितलें. त्यानंतर ते तीन आठवडे होते, आणि त्यांत मात्रा एकदांच, तीहि डॉक्टरांच्या सांगण्यावरून, थोडी वाढवावी लागली. नातवंडांशीं ते बोलले, जुने हिशेब पुरे केले, एका भावाशीं बंद पडलेलें बोलणें पुन्हां सुरू केलें. ती वही अजून आमच्यापाशीं आहे. तिच्या आधींचा जो एक आठवडा आमच्या शहाणपणांत गेला, त्याची मात्र तींत नोंद नाहीं, आणि तो मामांस परत देण्याचा कोणताहि मार्ग आम्हांस ठाऊक नाहीं.